चाळिसाव्या पानावरची नावे

४ मार्च

चि. धाकट्यास,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. घड्याळजींनी तुझ्या वाचनालयातल्या चोवीस रहस्यकथांमध्ये, प्रत्येकीच्या चाळिसाव्या पानावर, खुन्याचे नाव लिहून ठेवले. या कृत्याला मी कायद्याने जबाबदार नाही आणि नीतीनेही नाही. गेले एकोणीस दिवस तू माझ्याशी बोलत नाहीस, पुढचा जिना सोडून मागच्याने ये-जा करतोस आणि परवा त्या जिन्यावर शिंक आली तेव्हा ती अर्ध्यावर दाबून धरलीस, हे सर्व मुद्दे आनुषंगिक आहेत. त्यांचा विचार मूळ प्रतिज्ञा सिद्ध झाल्यावर करता येईल.

तू वरच्या मजल्यावर राहतोस आणि मी खालच्या, तरी पत्र टपालाने पाठवते आहे. हातात दिलेला कागद तू परत करू शकतोस. टपालाने आलेला कागद फोडून, त्यावर आवक क्रमांक घातल्याशिवाय मात्र तुला जेवण जाणार नाही. एकतीस वर्षे ग्रंथपाल असलेल्या माणसाविषयी एवढे अनुमान सुरक्षित आहे.

प्रथम कायद्याची बाजू घेऊ. वाचनालयाच्या नियम पाचप्रमाणे नव्या सभासदाला जुन्या सभासदाचा जामीन लागतो. चाळीस वर्षांत मी कोणालाही जामीन राहिले नव्हते. तुझ्या बायकोच्या अर्जावरही मी सही केली नाही, आणि तिने ते अद्याप विसरलेले नाही. बारा ऑक्टोबरला घड्याळजींच्या अर्जावर मात्र मी सही केली. छापील मजकूर असा होता: "मी या इसमास व्यक्तिशः ओळखतो व त्याच्या वर्तनाची हमी देतो." त्यात 'वर्तनाची' या शब्दाआधी मी 'आजपर्यंतच्या' हा शब्द घातला. त्या वेळचे आपले बोलणे तुला आठवत असेल. नसेल, तर मला आठवते.

"ताई, छापील अर्जात खाडाखोड चालत नाही."

"खाडाखोड नाही ही, दुरुस्ती आहे. माणूस उद्या काय करेल याची हमी मी कशी देणार?"

"इतकी वर्षं सगळे देतायत ना."

"म्हणजे इतकी वर्षं सगळे खोटं लिहितायत."

"अगं, मागे रांग लागलीय. पाच माणसं उभी आहेत."

"पाच माणसं उभी राहिली म्हणून खोट्याचं खरं होत नाही."

तू कपाळाला हात लावलास आणि अर्जावर शिक्का मारलास. म्हणजेच दुरुस्ती मान्य केलीस. बारा ऑक्टोबरपर्यंत घड्याळजींनी कोणत्याही पुस्तकात काहीही लिहिलेले नव्हते. किंबहुना त्यांनी वाचनालयाचे कोणतेही पुस्तक वाचलेलेच नव्हते. माझी हमी त्या दिवशी पूर्ण झाली आणि त्याच दिवशी संपली. कायद्याची बाजू इथे संपते.

आता वस्तुस्थितीविषयी. प्रकरण उघडकीस आले त्या सकाळी मी तुझ्या टेबलाशेजारीच उभी होते, त्यामुळे ऐकीव पुराव्याचा आक्षेप इथे लागू होत नाही. समोरच्या दुकानातल्या शिंपीणबाई, ज्या इस्त्री तापेपर्यंत एक प्रकरण आणि इस्त्री निवेपर्यंत दुसरे वाचतात, त्या तीन पुस्तके छातीशी धरून आल्या.

"दादा, हे काय चाललंय? चाळिसाव्या पानावर लिहिलंय, 'खुनी: नोटरी'. अहो, अजून खूनसुद्धा झाला नव्हता! तो मेलेला माणूस जिवंत होता, दाढी करत होता!"

"दुसरं पुस्तक देतो तुम्हाला," तू म्हणालास.

"दुसऱ्यात 'स्वयंपाकीण' आहे. आणि तिसऱ्यात काय, 'जुळा भाऊ'! त्याला जुळा भाऊ आहे हेच मला दोनशे पानांपर्यंत कळायचं नव्हतं!"

त्या पुस्तकात पहिल्या चाळीस पानांत जुळ्या भावाचा मागमूसही नाही. केवळ एका हातमोज्यावरून आणि दोनदा मागवलेल्या नाश्त्यावरून त्याचे अस्तित्व अनुमानाने गाठणे, हे चौतीस वर्षांच्या अध्यापनात माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याला साधले नसते. अर्थात, या गोष्टीचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध नाही.

नीतीची बाजू पुढील पत्रात मांडते. आशीर्वाद तोवर राखून ठेवते.

ताई


९ मार्च

चि. धाकट्यास,

तुझे उत्तर मिळाले. "आपले पत्र मिळाले. नोंद घेतली. ग्रंथपाल." आवक क्रमांक २०७. शिक्का डावीकडे कललेला आहे. तो तू रागात मारलास असे मी म्हणत नाही. शिक्का कललेला आहे, एवढेच नोंदवते.

काल दुपारी तुझी बायको खाली आली होती. तू पाठवले नव्हतेस, हे तिने बसायच्या आधीच सांगितले. त्यावरून तिला तू पाठवले नव्हतेस हे सिद्ध होत नाही, पण मी विश्वास ठेवला.

"वन्सं, त्यांची खुर्ची जाणार," ती म्हणाली. "चौदा तारखेला चौकशी आहे. तीस तारखेच्या सभेत ठराव आणतायत, ग्रंथपालाला कमी करावं म्हणून. आठ महिने राहिलेत हो निवृत्तीला!"

"आरोप काय आहे?"

"तुमचा तो अर्ज! खाडाखोड केलेला अर्ज घेतलाच कसा म्हणतात. बहीण म्हणून घेतला म्हणतात. तुमच्या एका शब्दापायी माझ्या माणसाची एकतीस वर्षं चालली."

"तो शब्द योग्य होता."

"असेल! योग्य शब्द उकडून खाऊ का मी? वाचनालयाबाहेर काय येतं त्यांना? रविवारी सुट्टी असते तर घरातल्या भाज्या विषयवार लावून ठेवतात. आठवडाभर घरी बसले तर मला वेड लागेल, मग तुम्ही त्याला पण जबाबदार नाही म्हणा."

त्याला मी जबाबदार असणार नाही हे उघड आहे, पण ते मी बोलले नाही. तिने चहा घेतला नाही. ती चहा नाकारते ही घटना मी प्रथमच पाहिली आणि तिची गंभीर दखल घेतली आहे.

तर नीतीची बाजू. प्रतिज्ञा: कोणतीही सज्ञान व्यक्ती दुसऱ्या सज्ञान व्यक्तीच्या पुढील कृत्यांना जबाबदार नसते. हेतू: कारण त्या दोहोंच्या मध्ये दुसऱ्याची स्वतंत्र इच्छा उभी असते. उदाहरण: ज्या शिक्षकाने लिहायला शिकवले, त्याला खोट्या सहीबद्दल कोणी पकडत नाही. ज्या सुइणीने चोराला जगात आणले, तिच्या दारी पोलीस जात नाहीत. तुझे म्हणणे, म्हणजे तू बोलत असतास तर जे म्हणाला असतास ते, असे असेल की माझ्या बाबतीत केवळ शिकवणे घडलेले नाही, त्याहून काही अधिक घडले. म्हणून जे घडले ते सांगते.

घड्याळजी प्रथम आले ते माझे भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करायला. ते पहिल्याच खेपेला नीट चालू लागले. त्यानंतरही ते तीन मंगळवार आले, आणि प्रत्येक वेळी घड्याळ उघडून, आत पाहून, "हं" म्हणून बंद करीत. चौथ्या मंगळवारी मी विचारले, "त्यात बिघाड आहे का?"

"नाही," ते म्हणाले.

"मग उघडता कशाला?"

"उघडलं नाही तर यायचं काय सांगून?"

या उत्तरात आडपडदा नव्हता. मला ते पटले. मी त्यांना एक रहस्यकथा वाचायला दिली, स्वतःची. त्यांनी ती परत आणली आणि म्हणाले, खुनी कोण ते मला आधीच कळलं होतं. असे प्रत्येक वाचक म्हणतो. म्हणून मी त्यांना शिस्त घालून दिली: चाळिसाव्या पानावर थांबा, निष्कर्ष लिहून ठेवा, मगच पुढे वाचा. लिहून न ठेवलेला निष्कर्ष हा निष्कर्ष नव्हे, ती फुशारकी. कुठे लिहावा, हे मी सांगितले नाही. कागदावर, हे गृहीत होते.

तुझ्या बायकोचे यावर म्हणणे असे: "गृहीत तुम्ही धरलं, वन्सं. पुस्तक त्यांनी धरलं होतं."

त्यांना मी याबद्दल जाब विचारला. तेव्हा जे कळले ते त्यांच्या धंद्याविषयी आहे आणि तुला रस वाटेल, म्हणून लिहिते. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक जण झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने बारीक खूण ओरखडतो: तारीख, आपले चिन्ह, काय केले ते. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे कधी ते घड्याळ दुसऱ्याने उघडले, तर आधी कोणाचा हात लागला हे त्याला कळते. जुन्या घड्याळात अशा दहा-बारा खुणा एकाखाली एक सापडतात.

"बाई, उघडलं आणि खूण नाही केली, तर ती लबाडी," ते म्हणाले. "पुढच्याला कळायला नको, आधी कोण आत जाऊन आलंय?"

"पुस्तकाचा पुढचा वाचक कारागीर नसतो हो. तो गिऱ्हाईक असतो."

ते म्हणाले, "हे तुम्ही मला ऑक्टोबरात सांगायला हवं होतं."

हा मुद्दा भावनिक आहे. त्यांना लिहिताना मी एकदाही पाहिले नाही. हे विधान मी शपथेवर करायला तयार आहे.

ताई


१५ मार्च

चि. धाकट्यास,

कालच्या चौकशीला तू हजर होतास, मीही होते. तरी वृत्तान्त लिहिते, कारण तू सारा वेळ टेबलाच्या एका गाठीकडे पाहत होतास, आणि जे दिसले नाही ते तुझ्या नोंदीत असावे.

वर्तमानपत्रे हलवून मोठे टेबल मोकळे केले होते. अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य. समोरच्याने तोंड उघडले की त्यांचे लक्ष शब्दांकडे राहत नाही. चोवीस पुस्तके चाळिसाव्या पानावर उघडी ठेवली होती. त्यांपैकी सतरा पुस्तकांत निळ्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात एकेक नाव होते, आणि ते बरोबर होते. उरलेल्या सातांत निळे नाव चुकलेले होते. तिथे त्यावर लाल रेघ मारून खाली लाल शाईत, मोठ्या अक्षरात, बरोबर नाव लिहिलेले होते.

आधी निळ्याचा विचार झाला. घड्याळजींनी चोवीसही नावे आपली म्हणून कबूल केली. मग कोणीतरी शंका काढली की चुकीचे नाव लिहिणे हा गुन्हा धरायचा का, कारण त्यामुळे वाचकाचे रहस्य शाबूत राहते. यावर पाव तास चर्चा झाली आणि ती तितकीशी मूर्खपणाची नव्हती. शिंपीणबाई उठल्या.

"निळं एक वेळ चालेल हो. निळं म्हणजे कुणाचा तरी अंदाज. चुकला असेल म्हणून मी पुढं वाचीन. उलट चुकलाच असेल तर मजाच आहे, फसायलाच तर वाचतो आपण! पण हे लाल? हे म्हणजे निकाल. एवढं खोडून, एवढं ठणकावून, कुणाला बोलायची सोय नाही. निळ्यानं चिमटा काढला, लालनं गळा दाबला."

सभेचा कल त्यांच्याकडे गेला. लाल हा अधिक गंभीर गुन्हा ठरला. अध्यक्षांनी घड्याळजींना विचारले, "हे लाल कोणाचं?"

"तेही माझंच."

"मग लिहून दाखवा."

घड्याळजींनी कागदावर लिहिले. अध्यक्षांनी ते दाढ पाहायच्या भिंगातून पाहिले. "ही मुंगी," ते म्हणाले, "आणि तो बैल. एका माणसाची दोन अक्षरं?"

"लाल लिहिताना डोळ्यांवर चष्मा नव्हता."

लोक हसले. घड्याळजी हसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही, आणि ते त्यांनी इतक्या कष्टाने केले की अध्यक्ष सोडून सर्वांच्या लक्षात यावे.

त्यानंतर तुझी पाळी आली.

"नियम चौदा. लाल शाई फक्त ग्रंथपालानं वापरायची. बरोबर?"

"बरोबर," तू म्हणालास.

"परत आलेली पुस्तकं तपासायला तुमच्याच मागच्या फळीवर असतात. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे लाल अक्षर कोणाचं?"

तू टेबलाच्या गाठीवर बोट फिरवलेस.

"अहो, ओळखू येत नाही, की सांगायचं नाही?"

"मला काही म्हणायचं नाही," तू म्हणालास.

तेव्हा मी उठले. बारा मिनिटे बोलले. पहिला मुद्दा: लाल शाई कोणी वापरावी हा नियम आहे, त्यावरून ती कोणी वापरली हे निष्पन्न होत नाही. हातगाडीला मनाई असलेल्या रस्त्यावर हातगाडी दिसली, तर ती हातगाडी नव्हेच असे आपण म्हणत नाही. दुसरा मुद्दा: एकेका शब्दावरून हस्ताक्षराची ओळख पटवता येत नाही; त्याला पुरेसा मजकूर आणि जाणकार लागतो. दोन्ही मुद्दे निर्दोष होते. समोरच्या रांगेत कोणीतरी मानही डोलावली.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे बाई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे अक्षर कोणाचंही असू शकतं?"

"कोणाचंही."

"ग्रंथपालांचंही?"

"तर्कतः, होय."

त्यांनी ते लिहून घेतले. त्याखाली रेघही मारली. "सख्ख्या बहिणीलाही खात्री देता येत नाही," असे ते शेजाऱ्याला म्हणाले, ते मला ऐकू आले. हा माझ्या विधानाचा विपर्यास आहे. शक्यता मान्य करणे म्हणजे आरोप मान्य करणे नव्हे, हा फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतो. परंतु समोरच्याला फरक कळत नाही, याला मी जबाबदार नाही.

तू उठून बाहेर गेलास. छत्री विसरलास. ती मी आणून मागच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली आहे.

ताई


२० मार्च

चि. धाकट्यास,

छत्री पाच दिवस त्याच पायरीवर आहे. तू तिला ओलांडून जातोस.

तुझी बायको आज पुन्हा आली. बसली नाही. म्हणाली, तू वाचनालयातून आपल्या वस्तू थोड्याथोड्या घरी आणतो आहेस. पाठीमागची उशी परवा आली. शिक्क्याची गादी काल आली, जी तुझी नसून वाचनालयाची आहे. ती परत नेऊन ठेवायला तू आज पुन्हा गेलास. "कमी करायच्या आधीच कमी होतायत," ती म्हणाली. "मी विचारलं, अहो, ते लाल अक्षर तुमचं नाही, मग सांगा ना नाही म्हणून. तर म्हणाले, नाही म्हटलं की विचारतील, मग कोणाचं? आणि मला खोटं बोलता येत नाही."

ती दाराशी गेली आणि वळली. "वन्सं, तुमच्या भावाला खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत आहे. त्यांना खरं का बोलता येत नाही, एवढं तुमच्या शास्त्रात कुठं आहे का, ते बघून सांगा."

मी शास्त्रात पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती.

तुझ्या शाळेच्या वह्या मी तपासत असे. तू सात वर्षांचा, मी चौदा. तुझ्या गणितावर लाल पेन्सिलीने रेघ मारून खाली बरोबर उत्तर लिहीत असे, मोठ्या अक्षरात, आणि ओळीच्या शेवटी खाली वळवलेला, गळासारखा एक आकडा काढत असे, म्हणजे तुला तिथे आणखी काही घुसडता येऊ नये. तो आकडा नंतर चौतीस वर्षांच्या उत्तरपत्रिकांवर गेला. तो त्या सातही पानांवर आहे. जगात दोन माणसे तो पाहताक्षणी ओळखतील. त्यांतले एक त्या दिवशी टेबलाच्या गाठीकडे पाहत होते, आणि दुसरे उभे राहून हस्ताक्षराची ओळख पटवता येत नाही असे बोलत होते.

घड्याळजींना लिहिताना मी पाहिले नाही, हे खरे आहे. ते लिहून आणत, आणि मंगळवारी पुस्तक माझ्यापुढे ठेवत. त्या पुस्तकांतले एकूण एक खुनी मला आधीपासून ठाऊक होते. सतरा वेळा मी "ठीक" म्हणाले. सात वेळा मी त्यांना चूक समजावून सांगितली, त्यांनी ती मान्य केली आणि तिथेच थांबायला हवे होते. पण चुकीचे उत्तर पानावर तसेच उभे होते. पुस्तक तुझे आहे, वाचनालयाचे आहे, हे मला त्या क्षणी दिसले नाही. दिसले ते चुकलेले उत्तर. लाल पेन हाताशी होते. त्यांची जशी झाकणामागची खूण, तशी माझी ही रेघ. उघडलेले झाकण त्यांना खुणेवाचून बंद करता येत नाही, आणि चुकलेली ओळ मला रेघेवाचून सोडता येत नाही.

घड्याळजी या मंगळवारी आले नाहीत. मी त्यांच्या दुकानात गेले. बारा वर्षांत मी कोणाच्या दुकानात विकत घेण्यावाचून गेलेले नाही. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. ते त्यांनी काढले नाही.

"तुम्ही खोटं का बोललात?" मी विचारले.

"जमतं का बघत होतो. नाही जमलं."

"मी तुम्हाला तसं सांगितलं नव्हतं."

"तुम्ही मला कधीच काही करायला सांगत नाही, बाई. मीच करतो. कबूल." मग ते हातातल्या घड्याळाशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी खोटं बोललो, ते दोन मिनिटांत पकडलं गेलं. तुम्ही सगळं खरं बोललात. ते अजून चाललंय."

"माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता."

"नसेल. ग्रंथपालांना घरी पाठवायला बरोबर मुद्देच पुरले."

मी उभी राहिले. त्यांनी बसा म्हटले नाही. दुकानात तीसेक घड्याळे होती आणि त्यांतली सर्व वेगवेगळी वेळ दाखवत होती. त्यांना त्याचे काही वाटत नाही. मला वाटले, आणि मी काहीही दुरुस्त न करता बाहेर पडले. याची नोंद व्हावी.

आता तर्काकडे येते. माझी मूळ प्रतिज्ञा अबाधित आहे: मी घड्याळजींच्या कृत्याला जबाबदार नाही. परंतु ज्या नियमावर ती उभी आहे, त्याच नियमाने तूही माझ्या कृत्याला जबाबदार नाहीस. तरीही गेले महिनाभर तू ते स्वतःच्या डोक्यावर घेऊन मागच्या जिन्याने चढतो-उतरतो आहेस. मी तीन पत्रे लिहिली, दुसऱ्याच्या अपराधाचा भार कोणावर टाकता येत नाही हे सिद्ध करायला, आणि ती तीनही पत्रे ज्याला पाठवली तो तोच भार उचलून बसला होता. तू एकही युक्तिवाद केला नाहीस, त्यामुळे त्याचे खंडन करणे मला शक्य झाले नाही. तुझ्याबाबतीत असे यापूर्वी घडलेले नाही.

उद्या मी अध्यक्षांकडे जाणार आहे. सोबतचा कागद त्यांना देईन. तुला आधी पाठवते, कारण आज टपाल निघाले तर उद्या सकाळी तुझ्या हाती पडेल, आणि तुला नोंद करायला वेळ मिळेल.

ताई


२१ मार्च

प्रति,
अध्यक्ष, वाचनालय चौकशी समिती

महोदय,

चोवीस पुस्तकांतील निळ्या शाईची नावे घड्याळजींनी लिहिली. त्याला मी जबाबदार नाही. हे मत मी मागे घेत नाही. आपणास सवड असेल तेव्हा त्यावर स्वतंत्रपणे चर्चा करण्यास तयार आहे.

त्यांपैकी सात पुस्तकांत लाल शाईने मारलेल्या रेघा आणि त्याखालील नावे माझी आहेत. ती मी माझ्या घरी, माझ्या पेनाने, दिवसाढवळ्या लिहिली. आपली खात्री व्हावी म्हणून हा संपूर्ण अर्ज मी लाल शाईने आणि त्याच अक्षरात लिहिला आहे. पुरेसा मजकूर आहे. जाणकाराची गरज पडू नये. पडल्यास ग्रंथपालांना विचारावे, ते आता उत्तर देतील.

ग्रंथपालांनी माझा दुरुस्त केलेला अर्ज स्वीकारला, हा त्यांच्यावरील दुसरा आरोप. माझ्याशी वाद घालून ज्याला तो नाकारता आला असता, असा सभासद समितीने दाखवावा. मग तो आरोप ठेवावा.

ती सात पुस्तके मी नवी आणून देईन. जुनी मला द्यावीत. माझे सभासदत्व रद्द करावे. ग्रंथपालांविरुद्ध तीस तारखेला ठराव आणू नये. आणल्यास मी सभेत बोलेन, आणि या वेळी बारा मिनिटांत थांबणार नाही.

सात रेघांना मी चूक म्हणत नाही. तो अपराध आहे, आणि अपराधाला जी शिक्षा असेल ती मी घेईन. चूक एकच झाली, ती खालीलप्रमाणे.

चौदा तारखेस आपण विचारलेत की ते अक्षर ग्रंथपालांचे असू शकते का. मी "तर्कतः, होय" असे उत्तर दिले. ज्याला सत्य ठाऊक नाही, त्याने दिले असते तर ते उत्तर बरोबर होते. मला ते ठाऊक होते. माझ्यापुरती ती शक्यता उरलेलीच नव्हती, आणि बरोबर उत्तर "नाही, ते माझे आहे" असे होते. चुकीचे उत्तर मी दिले, ते आपण लिहून घेतलेत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ते सात दिवस तसेच उभे राहू दिले, माझ्या भावाच्या नावापुढे.

ही चूक मला मान्य आहे.

सही
सभासद क्रमांक ८८
तर्कशास्त्राची निवृत्त अध्यापिका
ग्रंथपालांची थोरली बहीण